तुम्ही विचारलंत म्हणून: मराठी असून खिडकीवर हिंदीत का बोलायचात?

हा प्रश्न मला भाच्यानं विचारलाय, कॉलनीतल्या काकांनी विचारलाय, आणि रिटायर झाल्यापासून तर लग्नाकार्यात भेटणारा कुणीही विचारतो, कारण सगळ्यांना माहितीय की मी नागपुरात महसूल खात्यात कारकून म्हणून लागले, अव्वल कारकून म्हणून बाहेर पडले आणि मधली बरीच वर्षं दाखल्यांच्या खिडकीवर काढली. मुद्दा एकच असतो, की राज्य मराठी, सरकार मराठी, तुम्ही मराठी, मग समोरच्याशी हिंदीत कशाला, आपल्याला काही स्वाभिमान आहे की नाही. काही जण उलट बाजूनं येतात, की हिंदी राष्ट्रभाषा आहे ना, मग सरकारी माणसानं सरळ हिंदीतच बोलावं, त्यात काय एवढं. दोघांनाही एकदाच नीट सांगते.

दुसऱ्यांचं आधी, कारण ते लवकर आटपतं. घटनेत कुठल्याच भाषेला राष्ट्रभाषा म्हटलेलं नाही. कलम ३४३ मध्ये देवनागरीतली हिंदी ही केंद्राची राजभाषा, म्हणजे सरकारी कारभाराची भाषा आहे, राज्याची कोणती ते कलम ३४५ प्रमाणे राज्यानं ठरवायचं, आणि महाराष्ट्रानं १९६४ च्या कायद्यानं मराठी ठरवली. पण या सगळ्यात मला सगळ्यात जवळचं वाटतं ते कलम ३५०. गाऱ्हाणं मांडणारा माणूस केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अर्ज देऊ शकतो असं ते सांगतं. म्हणजे अधिकाऱ्याची ओळख काय, अभिमान काय, याचा तिथे विचारच नाही, विचार आहे तो गाऱ्हाणं घेऊन आलेल्या माणसाचा. मी नोकरीभर हे कलम धरून चालले.

आता स्वाभिमानवाले. त्यांचं दुखणं मला कळतं, कारण ते माझंही आहे. नागपुरात दोन अस्सल मराठी माणसं ऑटोवाल्याशी हिंदीत घासाघीस करतात आणि ऑटोवालाही घरी मराठी बोलणाराच निघतो, हे आपण रोज बघतो. पण नागपूरची गोष्ट पुण्यासारखी नाही हो. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रांताची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, इथून पार रायपूर-बिलासपूरपर्यंतचा कारभार चालायचा, मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल रायपूरकडचे, आणि १९५० च्या कायद्यानं इथे हिंदी आणि मराठी दोन्ही राजभाषा होत्या. अनुसूचित जाती-जमातींच्या दाखल्यासाठी लोक १९५० च्या आधीचा पुरावा शोधत शाळेतून दाखल-खारिजचा, म्हणजे जुन्या प्रवेश-नोंदवहीचा उतारा आणतात ना, त्यात कधी मराठी लागते कधी हिंदी, आणि दोन्ही वाचता आल्याशिवाय आमच्या टेबलाचं काम पुढे सरकत नसे. त्यामुळे हिंदी बोलली म्हणून मी कमी मराठी होते, असं मला कधी वाटलंच नाही.

एक बाई आठवतात. पारडीकडे राहायच्या, मूळच्या छत्तीसगडच्या, बांधकामावर मजुरी करायच्या. मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. मुलगी मराठी शाळेत शिकणारी, अर्ज तिनंच गोल गोल अक्षरात मराठीत भरलेला, फक्त वार्षिक उत्पन्नाचा रकाना कोरा, कारण आईला सालाचा आकडा सांगता येईना, रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या माणसानं सालाचा हिशोब कुठे मांडलेला असतो. मग मी हिंदीत विचारायला लागले, महिन्यातले किती दिवस काम मिळतं, पावसाळ्यात किती, ठेकेदार पैसे रोज देतो की आठवड्यानं, नवरा काय करतो, गावाकडे शेती आहे का. तेवढ्यात रांगेतला एक जण मागून म्हणाला, "मॅडम, महाराष्ट्र आहे हा, मराठीत बोला." मी म्हटलं, "दादा, तुमचा नंबर आला की तुमच्याशी मराठीतच बोलते, जरा थांबा." आता मी तेव्हा ताठ मराठीत विचारलं असतं तर त्या बाईंनी घाबरून कशालाही मान हलवली असती, आकडा चुकला असता, आणि तो चुकलेला आकडा त्या पोरीच्या शिष्यवृत्तीवर बसला असता. अर्ज मराठीतच राहिला, दाखला मराठीतच निघाला, मराठीचं यात काहीच गेलं नाही.

आणि गंमत नाही सांगत, फेब्रुवारी २०२५ चा शासन निर्णय ज्याचा सगळे हवाला देतात, सरकारी ऑफिसात मराठीतच बोला म्हणणारा, त्यातही परदेशातून आणि अमराठी राज्यांतून आलेल्यांसाठी सूट ठेवलेली आहे. तेवढी ओळ कुणी वाचून दाखवत नाही.

मी कडक आहे ती कागदाच्या बाबतीत. बोलणं समोरच्याप्रमाणे वाकावं, पण आदेश, नोटीस, पावती, सातबारा मराठीतच पाहिजे आणि वाचून समजेल अशा मराठीत पाहिजे. आमच्याकडे एक आजी नोटीस घेऊन आल्या होत्या, उमरेडकडच्या, शुद्ध मराठी, चौथीपर्यंत शिकलेल्या. नोटिशीत होतं, "उपरोक्त विषयान्वये आपणांस याद्वारे कळविण्यात येते की, सदर प्रकरणी विहित मुदतीत कागदपत्रांची पूर्तता न झाल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे." आजी म्हणाल्या, "निकाल लागला म्हणते ना बाई, मंग पैसे कवा भेटन?" अर्ज नामंजूर झालाय हे त्यांना मी सांगितलं तेव्हा कळलं. स्वाभिमानाचा प्रश्न विचारायचा असेल तर मला तिथे विचारा. मराठी माणसाला मराठी सरकारनं मराठीत पाठवलेलं पत्र समजत नाही, याच्यावर मोर्चा निघालेला मी तरी पाहिला नाही.

मग पुढचा प्रश्न येतोच, की तुमचं ठीक, पण मोठ्या लोकांनी, मंत्र्यांनी, साहेबांनी कोणती भाषा बोलायची, त्यांच्या बोलण्यात तर देश दिसतो. दिसतो, मान्य. पण तिथेही माणूस कुणाशी बोलतोय ते मी आधी बघते. आपल्या रामटेकचंच घ्या. १९८४ आणि १९८९ ला इथून खासदार झाले ते नरसिंह राव, मातृभाषा तेलुगू, कायद्याचं शिक्षण नागपूर विद्यापीठातलं, मराठी इतकी चांगली की हरि नारायण आपट्यांची कादंबरी तेलुगूत नेली. ते मराठी बोलले म्हणून कमी तेलुगू झाले नाहीत आणि पुढे पंतप्रधान झाले तेव्हा कुणाला कमी भारतीय वाटले नाहीत. त्यांच्यानंतर कन्नड बोलणारे देवेगौडा पंतप्रधान म्हणून १९९६ ला लाल किल्ल्यावरून हिंदीत बोलले, कन्नड लिपीत लिहून घेतलेलं भाषण वाचून, आणि त्या अडखळण्यावर हसणारे लोक मला तेव्हाही आवडले नव्हते. आपल्या महाराष्ट्र केडरमध्ये तमिळ, तेलुगू मुलखातून येणारे आयएएस मराठीची परीक्षा देतात, ग्रामसभेत मोडकं-तोडकं बोलतात, चुकतात, आणि गावातली माणसं त्यांना सांभाळून घेतात. हसतात ते आपल्यासारखे शहरातले.

बाहेरच्या देशांतही हे सुटलेलं नाही. कॅनडात इंग्रजी आणि फ्रेंच दोन अधिकृत भाषा, आणि २०२१ ला गव्हर्नर जनरल झाल्या मेरी सायमन, त्या पदावर बसलेल्या पहिल्या आदिवासी व्यक्ती. त्यांना इंग्रजी आणि आपली, इनुइट लोकांची इनुक्टिटुट भाषा येत होती, फ्रेंच नव्हती, लगेच तक्रारी सुरू. त्यांचं म्हणणं, लहानपणी ज्या सरकारी शाळेत घातलं तिथे फ्रेंच शिकायला मिळालंच नाही, आता शिकते. माझं मन त्यांच्याकडेच जातं, पण फ्रेंच बोलणाऱ्यांची तक्रारही मी मोडीत काढणार नाही, आपल्या भाषेत आपल्याला कुणी उत्तर देत नाही हे काय असतं ते मी बँकेत पीककर्जाचा इंग्रजी फॉर्म हातात धरून बसलेल्या शेतकऱ्यांच्या तोंडावर पाहिलंय. सिंगापूरनं वेगळंच केलं, बहुसंख्य चिनी पण राष्ट्रगीत मलय भाषेत, आणि पंतप्रधान राष्ट्रीय दिनाच्या सभेत मलय, चिनी, इंग्रजी तिन्हीत बोलत आले.

आणि नागपुरात बसून बाबासाहेबांना सोडून कसं चालेल. त्यांच्या हाताखालून घटनेचा मसुदा गेला तो इंग्रजीत, आणि १९५६ ला दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या मराठीत, दुसऱ्या दिवशीचं भाषणही मराठीत. समोर कोण बसलंय हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्याच बाबासाहेबांनी १९५५ मध्ये लिहिलं होतं की प्रादेशिक भाषा राज्याची राजभाषा करू नका, नाहीतर प्रत्येक राज्य वेगळं राष्ट्र व्हायच्या वाटेला लागेल. हे मत मला पटत नाही, मराठीत कारभार नसता तर त्या उमरेडच्या आजी माझ्या खिडकीपर्यंतही पोचल्या नसत्या. पण त्यामागची काळजी मात्र मला पटते, की उद्या राज्याची भाषा न येणारा माणूस त्या राज्यात उपरा ठरू नये.

कारण उपरं कोण ठरतं ते मी रामटेक तालुक्यात देवलापारकडे वनहक्काच्या, म्हणजे आदिवासींनी कसलेल्या जंगलजमिनीच्या दाव्यांच्या वेळी पाहिलंय. एक म्हातारी गोंड बाई, दावा तिच्याच जमिनीचा. आम्ही तिच्याशी मराठीत बोलत होतो, साहेब हिंदीत बोलत होते, ती दोघांकडे आळीपाळीनं बघायची आणि नातवाकडे वळून गोंडीत काहीतरी म्हणायची. नातू एका वाक्यात सांगायचा, तिची तर चार वाक्यं झालेली असायची. उरलेल्या तीन वाक्यांत तिनं काय सांगितलं ते फाइलीत कधीच आलं नाही. नागपूर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाहानं, २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे ३० लाखांच्या आसपास, आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत पण त्यात गोंडी नाही. हिंदी की मराठी म्हणून आपण भांडत असतो तेव्हा त्या बाईचा कुणी विचार करत नाही.

तेव्हा मला हिंदीबद्दल विचारणाऱ्यांना मी आता हेच सांगते, की तुमचा आवाज मोठा आहे, वर ओळखी आहेत, तर एक मागणी लावून धरा. रामटेक, देवलापार, खाली गडचिरोली, जिथे जिथे गोंडी आणि माडिया बोलणारी माणसं ऑफिसात येतात तिथे खिडकीवर ती भाषा येणारा एक तरी माणूस नेमा, त्याच गावातली शिकलेली पोरं घ्या, त्यांना कंत्राटी नको, पक्की नोकरी द्या, आणि जो कारकून स्वतःहून शिकेल त्याला भत्ता द्या. मी नोकरीत असताना हे मीटिंगमध्ये सांगून झालं, लेखी देऊन झालं. आता बाहेरून सांगतेय.