समजावणारी

सोमवार, रात्री

फोन ठेवता ठेवता मावशी म्हणाली, "तू समजाव ना गं तिला. तुझं ऐकते ती." आवाजात राग नव्हता, उलट लाडीगोडीच होती. पोरीने आलेल्या स्थळाला हो म्हणावं, असं मावशीला वाटतं. मी "बघते" म्हटलं आणि तेव्हापासून कशात लक्ष लागत नाहीये.

मावशीचं काय चुकलं, तर तसं काहीच नाही. "आम्ही काही जबरदस्ती करत नाही, तिचा होकार असेल तरच पुढे जायचं," असं ती दहा वेळा म्हणाली. नेमकं तेच सलतंय. आणि पॅस्टनांची, म्हणजे पंधराव्या शतकातल्या एका इंग्रज घराण्याची, पत्रं उशाशी असल्यामुळे ते जास्तच सलतंय.

त्यांच्यातलीच, नॉरफोकची ती एलिझाबेथ. साल १४४९च्या आसपासचं, पोरगी विशीतली. वडील न्यायाधीश होते, ते वारले होते. आई ॲग्नेस करारी. आणलेलं स्थळ बिजवर, पन्नाशीचं. स्टीफन स्क्रोप त्याचं नाव. आजारपणाने रूप बिघडलेलं, पदरी मुलगी. एलिझाबेथने नकार दिला. मग घरात काय झालं ते आपल्याला कळतं नात्यातल्या एलिझाबेथ क्लिअरच्या पत्रातून. तिने ते मुलीच्या मोठ्या भावाला, जॉनला लिहिलं. ईस्टरपासून जवळजवळ दर आठवड्याला एकदा-दोनदा मार, कधी एकाच दिवशी दोनदा, आणि डोकं दोन-तीन ठिकाणी फुटलेलं. कोणाशी बोलायची बंदी, घरातल्या नोकरांशीसुद्धा. मुलीने एका साधूकरवी गुपचूप निरोप पाठवला, तेव्हा कुठे ही बातमी बाहेर पडली.

पत्राच्या शेवटी क्लिअरबाई लिहितात की सेंट पीटरच्या दिवशी मेणबत्तीच्या उजेडात घाईघाईने लिहिलंय. वाचून जाळून टाक, तुझ्या आईला कळलं तर ती मला कायमची दुरावेल. जॉनने ते जाळलं नाही.

हे पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फक्त मार दिसला होता. आज दिसतंय ते वेगळं. मारायची गरज का पडावी? मुलीचं चालतच नसेल तर तिला बोहल्यावर उभं करावं आणि मोकळं व्हावं. पण तसं करता येत नव्हतं. बाराव्या शतकापासून चर्चचा कायदा असा होता की लग्न लागतं ते दोघांच्या शब्दांनी. "मी तुला नवरा म्हणून स्वीकारते" एवढं तिने स्वतःच्या तोंडाने म्हणायला हवं. पुरोहित नसला तरी चालेल, साक्षीदार नसले तरी चालेल, पण तिचा शब्द हवाच. म्हणजे तो सगळा मार एका होकारासाठी होता. होकाराला किंमत होती म्हणूनच तो काढून घ्यायला माणसं कामाला लागली होती. एकाने मारायचं, दुसऱ्याने समजावायचं.

आमच्याकडे कोणी कोणाला मारत नाही. आमच्याकडे फक्त समजावतात.

आणि ती एलिझाबेथही शेवटी काय म्हणाली? बंडखोर म्हणून मी तिच्यावर जीव लावून बसले होते. पण त्याच पत्रात आहे की भावाला योग्य वाटत असेल, आणि स्क्रोप सांगतो तशी त्याची जमीन खरोखर मोकळी, दुसऱ्या कोणाचा हक्क नसलेली, असेल, तर दिसायला कसाही असला तरी ती त्याला पत्करायला तयार आहे. हे वाचून मी पुस्तक मिटलं होतं. वाईट वाटलं होतं. आज वाटतं, डोकं फुटलेलं, बोलायला माणूस नाही, आणि तरी ही बाई म्हणते, आधी कागद दाखवा. ते काय कमी आहे?

स्क्रोपचा राग राग करत होते, तेही पुढे जमेना. लहानपणी त्याच्या सावत्र बापाने त्याचं पालकत्व, म्हणजे त्याचं लग्न ठरवण्याचा हक्क, विकलं होतं. जनावरासारखं मला विकत घेतलं नि विकलं, असं तो स्वतः लिहितो. तो रूप बिघडवणारा आजारही त्याच काळातला. आणि याच माणसाने पुढे, गरजेपोटी, स्वतःच्या लहान मुलीचं लग्नाचं पालकत्व पडत्या भावात विकलं. हेही त्यानेच लिहून ठेवलंय. यावर मला काही बोलता येत नाही.

मला बोलायचंय ते क्लिअरबाईंबद्दल. एवढा मार कळल्यावर तिचा सल्ला काय? आईला थांबवा, असा नाही. तर, यापेक्षा चांगलं स्थळ मिळत असेल तर जितक्या लवकर होईल तितक्या लवकर बघा, नाहीतर हाही काही वाईट नाही. शिवाय एक इशारा: दुःखापायी बायका नको त्याच्या गळ्यात पडतात, तसं हिने केलं तर तुम्हालाच पस्तावावं लागेल. आणि ही क्लिअरबाई स्वतः कोण? १४४६ मध्ये विधवा झालेली, जमीनजुमला राखून असलेली बाई. १४९३ मध्ये वारली. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत तिने दुसरं लग्न केलं नाही. स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या मर्जीने राहण्यात काय आहे हे तिला पुरतं ठाऊक होतं. मुलीला मात्र ती ते देऊ शकत नव्हती, कारण मुलीच्या नावावर जे होतं ते वडिलांच्या मृत्युपत्रात लग्नासाठी बांधलेलं होतं. म्हणून तिने हाताशी होतं तेवढं केलं. पत्र लिहिलं.

मग मी तिच्यावर चिडते का?

कारण घरात समजावणारी म्हणून दरवेळी मलाच पुढे करतात. ताईच्या वेळी मी, चुलतबहिणीच्या वेळी मी. शिकलेली आहे, नीट बोलते, पोरींना माझ्याबद्दल विश्वास वाटतो. त्या विश्वासाचाच उपयोग करून घ्यायचा असतो. माझ्या वेळी मला समजावायला कोण आलं होतं ते मला लख्ख आठवतं, पण ते आज लिहीत नाही. एवढंच लिहिते की ती व्यक्ती मला खूप आवडायची आणि त्यानंतर आमच्यात पहिल्यासारखं काही राहिलं नाही. पोरीने माझ्याकडे तसं बघावं, या विचारानेच जेवण गेलं नाही.

एलिझाबेथच्या भाचीचं बरं होतं, असं म्हणावंसं वाटतं. मार्जरी. वीस वर्षांनी, त्याच घरात. तिने घरच्या कारभाऱ्याशी, रिचर्ड कॉलशी, गुपचूप शब्द दिले-घेतले. एक भाऊ म्हणाला, माझ्या बहिणीने दुकानदारीण होऊन फ्रॅमलिंगमला मेणबत्त्या आणि मोहरी विकलेली मला चालणार नाही. १४६९च्या सप्टेंबरात आई आणि आजी (तीच ॲग्नेस) नॉरिचच्या बिशपकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी बिशपने मुलीला बोलावून घेतलं, कुळाची आठवण दिली, बदनामीची भीती घातली. समजावलंच की. मग काय शब्द दिले होतेस ते विचारलं. तिने ते सांगितले आणि वर ठणकावलं की एवढ्याने पक्कं होत नसेल तर इथून जायच्या आधी मी ते आणखी पक्कं करून जाते. बिशपला ते लग्न मोडता आलं नाही. आईने घराचं दार बंद केलं. पण पुढे त्याच आईने, मार्गारेटने, मृत्युपत्रात मार्जरीच्या मुलाला वीस पौंड ठेवले. बरं कसलं म्हणा.

लिहिता लिहिता जरा हलकं वाटतंय. क्लिअरबाईवरचा रागही उतरलाय. तिने निदान निरोप होता तसा पोचवला, त्यात एका शब्दाची काटछाट केली नाही. जमीन मोकळी आहे का, हा मुलीचा प्रश्नसुद्धा जसाच्या तसा. माझ्याकडून तेवढं होण्यासारखं आहे. पोरीला फोन करायचा, काय म्हणायचंय ते तिच्या तोंडून ऐकायचं आणि तेच मावशीला सांगायचं. "नको म्हणजे नको" असेल तर तेच. मावशी फुगेल, दिवाळीपर्यंत बोलणार नाही. चालेल मला.

आणि एलिझाबेथचं स्क्रोपशी लग्न झालं नाही. पुढची दहाएक वर्षं स्थळं येत-जात राहिली. आईला ती घरात नकोशी झाली होती, तेही वहिनीच्या पत्रात आहे. शेवटी रॉबर्ट पॉइनिंग्जशी लग्न झालं. ३ जानेवारी १४५९ला तिने लंडनहून आईला लिहिलेलं पत्र मी आत्ता परत वाचलं. नवऱ्याला ती "माझा सर्वांत लाडका, असं तुम्ही म्हणता तो" असं म्हणते, आणि पुढे जोडते की आता मलाही तसंच म्हणावं लागतं, तो माझ्याशी फार मायेने वागतो. जुन्या दिवसांबद्दल एक अक्षर नाही. मात्र लग्नात कबूल केलेले शंभर मार्क (तेव्हाचं पैशाचं माप) आणि वडिलांच्या मृत्युपत्रातली उरलेली रक्कम कोर्टाच्या या सत्राच्या सुरुवातीलाच मिळाली पाहिजे, हे ती आईला नीट, नम्रपणे आणि अगदी स्पष्ट लिहिते.