नॅशव्हिलमधलं इजिप्शियन चर्च

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला लोक येतात ते गाणी ऐकायला. ब्रॉडवेवर भर दुपारीसुद्धा दारोदारी गिटार वाजत असते. तिथून थोडं चालत गेलं की चर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावर दोन बुरुजांचं डाउनटाउन प्रेस्बिटेरियन चर्च लागतं. आपल्याकडे मिरजेचं वानलेस रुग्णालय उभारलं तेही प्रेस्बिटेरियन मिशननंच. हा ख्रिस्ती पंथ साधेपणासाठी ओळखला जातो. पण इथे दारावर पंख पसरलेलं सूर्यबिंब आहे आणि दोन्ही बाजूंना जाडजूड इजिप्शियन खांब! मी कितीतरी वेळ रस्त्यावरूनच पाहत राहिले.

मंडळी, म्हणजे इथल्या उपासकांचा संघ, स्थापन झाली १८१४ मध्ये. पाळक गिडियन ब्लॅकबर्न यांनी त्याआधी चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीच्या मुलांसाठी शाळा काढली होती. पहिलं चर्च १८३२ मध्ये जळालं. त्याच जागी दुसरं बांधलं. १८३९ मध्ये जेम्स पोक यांनी टेनेसीच्या गव्हर्नरपदाची शपथ घेतली ती त्या दुसऱ्या चर्चमध्ये. पुढे ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. सप्टेंबर १८४८ मध्ये हे दुसरं चर्चही जळालं. तरी लोकांनी जागा सोडली नाही.

तेव्हा विल्यम स्ट्रिकलंड हे नामांकित वास्तुविशारद टेनेसीचं कॅपिटॉल, म्हणजे राज्याचं विधानभवन, बांधायला नॅशव्हिललाच आलेले होते. कॅपिटॉल त्यांनी ग्रीक शैलीत रचलं आणि चर्चसाठी थेट इजिप्त निवडला. कोनशिला १८४९ ची. १८५१ च्या ईस्टरला चर्च उपासनेसाठी खुलं झालं. आतली रंगरंगोटी नंतरची, १८८० च्या दशकातली. व्यासपीठामागच्या भिंतीवर खांबांच्या रांगा अशा रंगवल्या आहेत, की भिंत संपून मागे इजिप्तमधलं कर्नाकचं प्राचीन देऊळ सुरू होतंय असं वाटावं. लाल, हिरवा, निळा, सगळे रंग ठसठशीत. इतका देखणा सभागार मी अमेरिकेत फार कमी ठिकाणी पाहिला.

बाकावर बसल्यावर मात्र मन अस्वस्थ झालं. बायबलमधला इजिप्त म्हणजे गुलामीचा देश. फारोच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, जाचातून मोशे या संदेष्ट्यानं आपल्या इस्राएली लोकांना सोडवलं ते तिथूनच, आणि अमेरिकेतल्या काळ्या गुलामांनी मुक्तीची सगळी आशा त्याच कथेत पाहिली. ज्या शहरात माणसं विकली जात होती, तिथल्या प्रतिष्ठितांनी आपलं देवघर फारोच्या शैलीत बांधलं. त्यांना यात काही खटकलं नसेल का? मला ते फार खटकलं.

बुरुजातल्या घंटेची हकिकत त्याहून बोलकी आहे. ती १८६७ मध्ये अ‍ॅडेलिशिया अ‍ॅकलेन या श्रीमंत बाईंनी दिली. त्यांची संपत्ती मुख्यतः पहिल्या नवऱ्याकडून आलेली, आणि हा नवरा, आयझॅक फ्रँकलिन, देशातल्या सर्वांत मोठ्या गुलाम-व्यापाऱ्यांपैकी एक. उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांमधल्या यादवी युद्धात (१८६१-६५) दोन्ही सैन्यांशी बोलणी करून या बाईंनी लुइझियानातल्या मळ्यांवरचा कापूस लंडनला विकला. तो पिकवला होता गुलामांनी. म्हणून घंटेचं कौतुक करताना हेही सांगितलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

युद्धाच्या काळात चर्चचं रुग्णालय झालं होतं. फेब्रुवारी १८६२ मध्ये नॅशव्हिल संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, फौजेच्या हाती गेलं आणि या इमारतीत जखमी सैनिकांच्या खाटा लागल्या. फारोच्या छताखाली गुलामगिरी मोडणाऱ्या बाजूचे शिपाई! नव्वदहून अधिक वर्षांनी, १९५५ मध्ये, मूळ मंडळी उपनगरात गेली. मागे राहिलेल्या मोजक्या लोकांनी इमारत सांभाळली आणि 'डाउनटाउन' हे नाव घेतलं. ते राहिले नसते, तर आज इथे काय उभं असतं कोण जाणे.

जाणार असाल तर कॅपिटॉलही त्याच दिवशी पाहा. चर्चपासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे. स्ट्रिकलंड यांना १८५४ मध्ये तिथल्याच भिंतीत पुरलं आहे. त्या बांधकामासाठी चुनखडीचा दगड फोडणाऱ्यांमध्ये गुलामही होते. मालकाला त्यांच्या कामाचे पैसे राज्याने दिले.