सेकंद नकोत, आयएनआर आणा

आप्पांना हार्ट अटॅक येऊन पंधरा दिवस झाले होते. बेळगावात इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करताना डॉक्टर एकाच जागी प्रोब दाबून बघत बसले, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, 28. हृदयाचं टोक हलत नव्हतं, आणि तिथं रक्ताची गाठ धरली होती. पंप जोर लावत नाही, म्हणून रक्त त्या कोपऱ्यात तुंबून साकळतं. गाठेचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात.

उपाय म्हणजे रोज असिट्रॉमची रक्त पातळ करणारी गोळी, तीन महिन्यांनी परत इको, आणि तोवर आयएनआर, म्हणजे रक्त साकळायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, 2 ते 3 च्या मधे ठेवायचा. खाली गेला तर गाठ वाढायची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची. नवीन गोळ्यांना ही तपासणी लागत नाही म्हणे, पण आप्पांच्या किडनीचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी जुनीच दिली. ऐकताना सगळं सोपं वाटलं.

आमचं गाव खानापूर तालुक्यात. दर आठवड्याला आप्पांना बेळगावला न्यायला नको म्हणून जवळच्या बाजारगावातल्या एका लॅबमधे रक्त द्यायचं ठरवलं, आणि तिथंच माझे तीन आठवडे गेले. सोमवारी रक्त दिलं. संध्याकाळी गेलो तर काउंटरवरची बाई म्हणाली, "नाळे बर्री," म्हणजे उद्या या. मंगळवारी गेलो, रिपोर्टची गाडी आली नव्हती. बुधवारी कागद मिळाला. त्यावर रक्त साकळायला लागलेला वेळ एवढाच होता: पेशंट 31 सेकंद, कंट्रोल (म्हणजे निरोगी रक्त) 13 सेकंद. फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. उत्तर आलं, "सेकंद नकोत, आयएनआर आणा."

परत लॅबमधे. "एवढंच येतंय बघा, आजवर कुणी विचारलं नाही." मी म्हटलं, मग माझ्याच आप्पांचा डॉक्टर शहाणा का? घरी येऊन वाचत बसलो तेव्हा कळलं भानगड काय ती. सेकंदांच्या भागाकाराला, लॅब तपासणीसाठी रक्तात जे औषध घालते त्याचा आयएसआय नावाचा आकडा घातांक म्हणून लावायचा असतो. 31 भागिले 13 म्हणजे 2.4 च्या आसपास. आयएसआय 1 असेल तर आयएनआर तोच 2.4, म्हणजे सगळं ठीक. 1.3 असेल तर 3.1, म्हणजे हद्दीबाहेर. कागद तोच, आप्पा तेच, आणि गोळी वाढवायची की कमी करायची ते त्या न छापलेल्या आकड्यावर! आयएसआय विचारला तर बाईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिचा पगार विचारलाय.

दुसऱ्या आठवड्यात आयएनआर छापून आला, तो 5.8. त्या रात्री आई झोपली नाही. आप्पा मात्र म्हणत होते, "मला काय होतंय रे, तू उगीच कशाला घाबरूलालास?" सकाळी बेळगावात परत तपासला, 2.6. निळ्या टोपीची नळी खुणेपर्यंत भरली नव्हती, म्हणून तसं आलं असावं, असं तिथल्या टेक्निशियननं सांगितलं. त्या नळीत रक्त साकळू नये म्हणून आधीच औषध असतं. रक्त कमी पडलं की आकडा खोटाच चढतो. तेव्हापासून मी नळीकडे बघतच उभा राहतो, कुणाला राग आला तर येऊ दे.

शेवटी दर शनिवारी पहाटेची बस धरून बेळगावच गाठायला लागलो. कर्नाटकात बायकांना बस फुकट आहे, त्या शक्ती योजनेत आईला तिकीट नाही, आम्हा दोघांना आहे, एवढ्यावरून आप्पा दर वेळी कुरकुरायचे. रिपोर्ट दुपारी त्याच दिवशी हातात, म्हणजे गोळी त्याच रात्री बदलता यायची. आधीच हे केलं असतं तर बरं झालं असतं.

गौरीच्या दिवसांत आयएनआर 1.7 वर आला. शेपूची भाजी दोन दिवस चालली होती, आणि पालेभाजीनं या गोळीचा जोर कमी होतो. डॉक्टर म्हणाले, पालेभाजी बंद करू नका, पण रोज साधारण तेवढीच खा. आम्ही आधी मेथी-पालक घरात येऊच दिलं नव्हतं, तेही चूकच होतं.

तीन महिन्यांनी इकोत गाठ दिसली नाही, ईएफ 36. गोळी थांबवायची का ते डॉक्टरच ठरवणार, आपण आपल्या मनानं थांबवायची नाही.

हां, एक राहिलंच. गुडघा दुखतो म्हणून आप्पा मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून गुपचूप घेत होते, मला उशिरा कळलं. ती गोळी असिट्रॉमसोबत चालत नाही, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शौच काळी झाली, हिरड्यांतून रक्त आलं तर शनिवारची वाट बघू नका. आणि दात काढायचा असेल तर दातांच्या डॉक्टरला गोळीचं नाव आधी सांगा.