नववी-दहावीचा शिक्षक व्हायचंय? आधी पदवीचा विषय बघा

महाराष्ट्रात नववी-दहावीला शिकवायचं तर पदवी आणि बी.एड. दोन्ही लागतात. गोंधळ होतो तो पदवीच्या विषयापाशी. दहावीपर्यंत वाणिज्य शिकवत नाहीत, त्यामुळे बी.कॉम. झालेल्याने बी.एड. केलं तरी माध्यमिकच्या जागा फार थोड्या उरतात. बी.एस्सी.ला गणित नसेल तर बी.एड.ला गणिताची अध्यापन पद्धती घेऊन फारसा उपयोग नाही. भरतीत पदवीचा विषयही पाहतात. अभियंत्यांनाही बी.एड. करता येतं, पण ५५ टक्के लागतात; बाकी खुल्या गटाला ५०.

प्रवेश राज्याच्या सीईटीतून. अभ्यासक्रम २ वर्षांचा, त्यात शाळेतली आंतरवासिता (इंटर्नशिप) एकूण २० आठवडे, बहुतेक दुसऱ्या वर्षी. ती केवळ सह्यांपुरती उरकू नका. वर्गावर पकड बसते ती इथेच, पाठ टाचणांच्या वहीत नाही.

मग नोकरी. टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर सहावी ते आठवीसाठी: १५० गुण, खुल्या गटाला ९० हवेत. बहुतेक माध्यमिक शाळा पाचवी किंवा आठवीपासून सुरू होतात, म्हणून तोही देऊन ठेवा. पवित्र पोर्टलवरच्या (शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ) भरतीला मात्र टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, ही वेगळी परीक्षा लागते: २०० प्रश्न, १२० मिनिटं, विषयज्ञान जवळपास नाहीच, सगळी अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता. विषयात हुशार असलेले इथेच घसरतात. शिवाय ही परीक्षा दरवर्षी होत नाही. २०१७ नंतरची थेट २०२३ला झाली.