डावं स्टिअरिंग, डावा रस्ता

ब्रिटनमध्ये रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवायची, हे मला नव्याने शिकावं लागलं नाही. भारतात हात बसला तो डाव्या बाजूनेच. पुढे जर्मनीत गेलो, तिथे रीतसर परीक्षा देऊन लायसन्स काढलं, उजव्या बाजूची सवय लावून घेतली आणि डाव्या स्टिअरिंगची एक स्कोडा ऑक्टाव्हिया इस्टेट, म्हणजे लांब डिकीची गाडी, घेतली. नवऱ्याला इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये नोकरी लागली तेव्हा गाडी विकायचा विषय निघाला आणि तिथेच मिटला. तिचा आवाज जरा बदलला तरी मला कळायचा, लेकीची सीट आणि सायकली तिच्यात आरामात बसायच्या, आणि नव्या देशात नव्या घराबरोबर नवी गाडीही घेण्याएवढे पैसे हाताशी नव्हते.

ती गाडी आम्ही इथे आणली, आणि तेव्हापासून मी डावीकडे बसून डाव्या बाजूने गाडी चालवतेय. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: चुकून उजव्या बाजूला जात नाहीस का? नाही जात. पुढेमागे गाड्या असतात, त्यांच्याबरोबर आपणही बरोबर बाजूला राहतो. पहाटे रिकाम्या पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना तेवढं जपावं लागतं. खरी अडचण नजरेची आहे. इथले चौक, टोलनाके, पार्किंगची फाटकं, सगळं ड्रायव्हर उजवीकडे बसलाय असं धरून बांधलेलं आहे. जिथून बघायला हवं, तिथे माझे डोळेच नसतात.

सुरुवातीला गाडी लेनमध्ये नेमकी कुठे आहे, हेच अंगाला कळत नाही. जर्मनीत मी मधल्या रेषेजवळ बसलेली असायचे आणि गाडीचा बाकीचा पसारा रस्त्याच्या कडेला असायचा. इथे मी कडेला आणि पसारा समोरून येणाऱ्यांच्या बाजूला. त्यात दगडी भिंती आणि झुडपं खांद्याला लागून पळत असतात, त्यामुळे हात आपोआप स्टिअरिंग उजवीकडे घेतो. म्हणजे जुनी सवय आणि नवी भीती, दोन्ही गाडीला मधल्या रेषेकडेच नेतात. मी एक खूण ठरवून घेतली. सरळ, मोकळ्या रस्त्यावर उजव्या आरशात बघायचं: पांढरी रेषा आणि मागचं चाक यांच्यात पुरेसं अंतर आहे का? असेल तर लगेच समोर बघायचं आणि डावीकडची कड पुढच्या काचेच्या खालच्या पट्टीला कुठे टेकलेली दिसते ते लक्षात ठेवायचं. माझ्या गाडीत ती जागा डाव्या वायपरच्या बुंध्याशी आहे. आता कड त्या बुंध्यावरून सरकली की मला कळतं.

राउंडअबाउटचा, म्हणजे गोल चौकाचा नियम सोपा आहे: घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरायचं आणि उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. मला ते उजवीकडचं बघावं लागतं शेजारच्या खिडकीतून, आणि त्या खिडकीत नवरा बसलेला असतो. त्यामुळे मी दोन गोष्टी काटेकोरपणे पाळते. थांबायच्या रेषेवर गाडी शक्य तितकी सरळ उभी करायची. डावीकडे वळायचंय म्हणून आधीच नाक डावीकडे केलं, तर उजवीकडचं दृश्य शेजारच्या खिडकीतून निसटून मागच्या दाराच्या खांबामागे जातं. आणि दुसरी म्हणजे, मागची उजवी सीट रिकामी ठेवायची, तिचा हेडरेस्ट काढून टाकायचा. लेकीची सीट आम्ही उजवीकडून डावीकडे, माझ्या पाठीमागे हलवली ती आधी याच कारणासाठी. नंतर लक्षात आलं की त्याने आणखी एक काम झालं: ती आता फुटपाथच्या बाजूला उतरते, वाहत्या रस्त्याकडे नाही.

कोपऱ्यात तिरके येऊन मिळणारे रस्ते मात्र खरंच वाईट. तिथे उजवीकडे आणि मागे एकदम बघावं लागतं आणि त्या कोनात गाडीचे सगळे खांब आडवे येतात. अशा दोनतीन जागा मी रस्ता बदलून टाळते. पाच मिनिटं जास्त लागली तरी चालतील.

मोटरवेची गोष्ट वेगळी. शेफील्डहून एम१ वर चढायचं तर मी बहुतेक वेळा टिन्सली व्हायाडक्टजवळच्या जंक्शन ३४ वरून जाते. स्लिप रोड, म्हणजे मोटरवेवर चढायचा जोडरस्ता, डावीकडून येतो, मुख्य वाहतूक उजवीकडे ताशी ७० मैलांनी धावत असते, आणि तिच्यात शिरायची जागा नेमकी माझ्या ब्लाइंड स्पॉटमध्ये असते. उजवा आरसा मी नेहमीपेक्षा बराच बाहेर वळवून ठेवलाय, इतका की त्यात माझ्या गाडीची बाजू जेमतेम दिसते. त्याच्या कोपऱ्यात चिकटवायचा छोटा फुगीर आरसा लावलाय. स्लिप रोड चढताना जिथून मोटरवे दिसायला लागतो, तिथेच एक नजर टाकून घ्यायची, लॉऱ्यांच्या रांगेत फट कुठे आहे ते हेरायचं, मग रस्ता संपेपर्यंत वेग पकडायचा. कडेला येऊन मग मान वळवायची, हे या गाडीत चालत नाही. वळवलेल्या मानेला नुसता खांब दिसतो.

या अनुभवाने मी दुसऱ्यांच्या गाड्यांकडेही वेगळ्या नजरेने बघायला लागले. पोलंड, रोमानिया, लिथुआनियाच्या लॉऱ्या इथल्या मोटरवेवर भरपूर असतात आणि त्यांचा ड्रायव्हर माझ्यासारखाच डावीकडे बसलेला असतो. त्याला स्वतःच्या उजव्या दाराजवळची छोटी गाडी दिसत नाही. तो लेन बदलायला लागला की गाडी त्याच्या पुढच्या चाकाशी आडवी अडकते. अशा लॉरीवाल्यांसाठी खिडकीच्या काचेवर चिकटवायची फ्रेनेल लेन्स असते, तिच्यातून दाराखालचा रस्ता दिसतो. डोव्हर बंदरात सरकारी यंत्रणेने त्या लेन्सा फुकट वाटल्याही होत्या. सगळ्यांकडे त्या असतील असं मी धरून चालत नाही. लॉरीच्या नंबर प्लेटवर युरोपचा निळा पट्टा दिसला, की तिच्या उजव्या बाजूला रेंगाळायचं नाही, पटकन पुढे जायचं किंवा सरळ मागे राहायचं. उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या चालवणाऱ्यांनीसुद्धा हे लक्षात ठेवावं असं मला फार मनापासून वाटतं.

ओव्हरटेक. शेफील्डहून ग्लॉसॉपला जाणारा ए५७, म्हणजे स्नेक पास, हा पेनाइन डोंगरातून जाणारा वळणावळणाचा रस्ता आहे. माथ्यावर उंची साधारण ५१० मीटर. पुढे ट्रॅक्टर किंवा लॉरी आली, की उजव्या स्टिअरिंगचा माणूस गाडी हातभर उजवीकडे घेऊन डोकावतो. मला डोकवायचं तर अख्खी गाडी समोरच्या लेनमध्ये न्यावी लागेल. तेव्हा मी जवळ जातच नाही. भरपूर मागे राहिलं की लॉरी नजरेत लहान होते आणि तिच्या दोन्ही बाजूंनी रस्ता उघडतो. आणि इथे डावी सीट चक्क मदतीला येते: रस्ता डावीकडे वळत असेल आणि आतल्या बाजूची भिंत ठेंगणी असेल, तर लॉरीच्या डाव्या अंगाने मला वळणापलीकडचं पुष्कळ दिसतं, उजवीकडे बसलेल्यापेक्षा जास्त. पुढे सरळ पट्टा रिकामा आहे हे वळणातच कळलं तर तयारी करता येते. नाही कळलं तर ट्रॅक्टरमागून जायचं. स्नेक पासवर तसंही बघण्यासारखं बरंच असतं.

नवरा शेजारी असतो तेव्हा तो माझा उजवा डोळा असतो, पण त्यालाही शिस्त लावावी लागली. सुरुवातीला तो "चल, चल" म्हणायचा. ते नको म्हणून मी सांगितलं. तू निघ असं सांगायचं नाहीस, तुला दिसतंय तेवढंच सांगायचं. आता तो म्हणतो, "पांढरी व्हॅन, मग सायकलवाला, मग मोकळं." निघायचं की नाही ते मी ठरवते. त्याला गाडीचा वेग, क्लच कुठे आहे, माझा पाय कशावर आहे हे माहीत नसतं; ते माहीत नसलेल्या माणसाने "चल" म्हणू नये. शेजारी कुणी पाहुणा बसला तर त्याला मी काहीच विचारत नाही.

एकटी असताना पार्किंगची फाटकं त्रास देतात. तिकिटाचं यंत्र पलीकडच्या दाराशी. हँडब्रेक ओढायचा, गाडी न्यूट्रलमध्ये, पट्टा सोडायचा, उतरून पुढून वळसा घालून जायचं, तिकीट घ्यायचं, परत यायचं. तोवर फाटक उघडून वाट बघत असतं आणि मागे दोन गाड्या. मागचे लोक बहुतेक समजून घेतात, नंबर प्लेट इथली असूनही ही बाई दुसऱ्या दारातून का उतरली असा चेहरा क्षणभर होतो एवढंच. आता नंबर प्लेट वाचणारे कॅमेरे असलेली पार्किंगं शोधून तिथेच जाते. लंडनच्या पूर्वेला टेम्स ओलांडणाऱ्या डार्टफर्ड क्रॉसिंगवरचे टोलनाके २०१४ मध्येच काढून टाकले, पैसे दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत ऑनलाइन भरायचे असतात. असं सगळीकडे झालं तर बरं होईल.

गाडी कायमची आणायची तर कागदपत्रांबरोबर तिच्यातही बदल करावे लागतात. आल्यावर १४ दिवसांच्या आत ब्रिटिश कर खात्याला कळवायचं, मग डीव्हीएलएकडे, म्हणजे इथल्या वाहन नोंदणी खात्याकडे नोंदणी. आणि तीन गोष्टी बदलायच्या: हेडलाइट, मागचा फॉग लॅम्प, स्पीडोमीटर. यातले हेडलाइट मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. जर्मनीतल्या गाडीचा लो बीम उजव्या कडेकडे वर उचललेला असतो, म्हणजे तिथल्या फुटपाथवरचा माणूस दिसावा. इथे तोच झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातो. सुट्टीवर आलेल्यांना स्टिकर लावून भागवता येतं, राहणाऱ्याला इथल्या बनावटीचे दिवे बसवावे लागतात. आम्ही भंगारवाल्याकडून जोडी मिळवली आणि गॅरेजमध्ये बसवून घेतली. मागचा फॉग लॅम्प आमच्या गाडीत डावीकडेच होता, इथे तो उजवीकडे किंवा मधोमध लागतो. स्पीडोमीटर मैलांत करून घेतला. ३० मैल म्हणजे ४८ किलोमीटर, असा हिशेब चालता चालता करण्यात अर्थ नाही. वेल्समध्ये तर सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बऱ्याच रस्त्यांवर २० मैलांची मर्यादा आहे.

आता डाव्या सीटने मला काय दिलं तेही सांगायला हवं. सायकलवाले इथे डाव्या कडेने जातात, म्हणजे माझ्या खांद्याशी. डावीकडे वळताना सरळ जाणाऱ्या सायकलला आणि रस्ता ओलांडायला थांबलेल्या माणसाला आधी जाऊ द्यायचं, असं हायवे कोडमध्ये, म्हणजे इथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तिकेत, जानेवारी २०२२ पासून स्पष्ट लिहिलंय. ही माणसं मला मान न वळवता, चेहऱ्यासकट दिसतात. सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचं, तेही नेमकं कळतं, कारण ते अंतर माझ्याच दारापासून मोजायचं असतं. कासलटनजवळच्या विनॅट्स पासमध्ये रस्ता अरुंद, चढ उभा आणि मेंढ्या रस्त्यातच बसलेल्या. समोरून गाडी आली की डावी चाकं कडेच्या गवताला किती लावायची, दगड कुठे वर आलाय, हे मी खिडकीतून खाली बघून ठरवते. समोरचा उजवीकडे बसलेला असतो, त्याला ते अंदाजाने करावं लागतं. इथल्या रस्ते झाडणाऱ्या बऱ्याच गाड्यांना दोन्हीकडे स्टिअरिंग असतं ते याच कारणाने: कड नीट दिसायला हवी.

कुणी मला विचारलं की गाडी घेऊन येऊ का, तर मी आधी विचारते, रोज कुठून कुठे जाणार? शहरात आणि मोटरवेवर असेल तर खुशाल आणा, पण पहिल्या आठवड्यात विम्याचे भाव काढा, कारण डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला सगळ्याच कंपन्या विमा देतात असं नाही. रोज एकट्याने दुपदरी रस्त्यावरून लॉऱ्यांमागे तास तास जायचं असेल, तर तिथेच विकून या, आणि इथे उजव्या स्टिअरिंगची घ्या. रोज तोच धोका पत्करण्याएवढी कुठलीच गाडी लाडकी नसते. आमचं रोजचं जाणं शहरातलं आहे, शनिवार-रविवारी डोंगरात, आणि तेव्हा नवरा शेजारी असतो. म्हणून आमची ऑक्टाव्हिया राहणार आहे.