जुलैतली सुरमई

"जुलैत सुरमई मागतेस?"

दिवाडी बेटावर एका घराच्या ओसरीत चार टेबलं. आम्ही जुन्या गोव्याहून फेरीबोटीने मांडवी ओलांडून खास तिथे जेवायला गेलेलो, तेही भर पावसात. आणि मावशी माझ्याकडे बघत होत्या जणू मी मे महिन्यात मक्याचं कणीस मागितलंय.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. वाचलेलं होतं हो. पण सुट्टीवर असताना डोकं कोण सोबत नेतं?

नवरा म्हणाला, "पण काल कळंगुटला तर मिळाली!"

मावशी शांतपणे म्हणाल्या, "मेळटा गो बाय. पूण खंयच्यान येता, तें विचारलें?" (मिळते गं बाई, पण कुठून येते ते विचारलंस?)

नाही विचारलं. लिंबू पिळून खाल्ली, फोटोखाली 'ताजी फडफडीत' असंही लिहिलं.

मग जे घरात होतं ते आलं. उकड्या तांदळाचा भात, तिरफळाचा (मसाल्यातलं एक फळ) वास मारणारं खतखतं, म्हणजे मिश्र भाजी, सोलकढी आणि सुक्या सुंगटांचं (कोळंबीचं) किसमूर. भाजलेली सुंगटं हातानेच चुरलेली, ओलं खोबरं, कांदा, चिंचेचा कोळ. पोरीने आधी नाक मुरडलं, मग माझ्या ताटातलंही संपवलं. एक तिरफळ मी भाजी समजून चावलं, जीभ दहा मिनिटं बधिर! (मावशी हसल्या, पदराआड.)

परतताना फेरीत कालचा तो फोटो उघडून बसले होते. सुरमई दिसतेय मात्र झकास.

काढून टाकू की राहू दे?