शिंक आली की पाय आवळावे लागतात

हा प्रश्न मला कुणी सरळ विचारत नाही. आधी कंबरदुखी, मग बाळाची झोप, आणि निघताना दारात आवाज उतरतो: "खोकलं-शिंकलं की थेंबभर लघवी होते हो. हे आता असंच राहणार का?"

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तरी माझ्या पहिल्या बाळंतपणानंतर जवळजवळ वर्षभर मी हे कुणापाशी बोलले नव्हते. गडद रंगाचे कपडे घालायचे, एवढाच माझा इलाज होता.

तर, हे असंच राहायला हवं असं नाही. साधारण 3 बाळंतिणींतल्या एकीला हा त्रास होतो. म्हणूनच 'चालायचंच' म्हणून तो सोडून दिला जातो आणि मला राग येतो तो याचा.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय हे सगळं तिनंच तोललेलं. गरोदरपणात तिच्यावर रोज वाढता भार, त्यात संप्रेरकांमुळे येणारा सैलपणा, आणि प्रसूतीत तर ती पुरती ताणली जाते. सिझेरियन झालेल्यांनीही निर्धास्त राहू नये. नऊ महिन्यांचा भार त्यांच्या झोळीनंही उचललेला असतोच.

या झोळीचा व्यायाम अर्नोल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरांनी 1948 मध्ये मांडला, तो अजून टिकून आहे. वायू रोखताना आणि लघवी थांबवताना जे आवळतो, ते दोन्ही एकदम वर ओढायचं. काही सेकंद धरायचं, हळूहळू 10 पर्यंत न्यायचं, आणि मग पूर्ण सैल सोडायचं. सोडणं विसरू नका. एका वेळी 8 ते 10 वेळा, दिवसातून तीनदा, निदान 3 महिने. श्वास चालू हवा, मांड्या आणि कुल्ले ढिले. कितीतरी जणी वर ओढायच्या ऐवजी खाली जोर देतात, त्यानं उलट त्रास वाढतो. आणि लघवी मध्येच थांबवून रोजचा सराव करू नका, मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

दिवस गेलेत, अजून त्रास नाही? मग आत्ताच सुरू करा, पुढे गळण्याची शक्यता कमी होते.

पाणी कमी पिऊ नका. दाट लघवीनं मूत्राशय चिडतं आणि बद्धकोष्ठ वाढून कुंथावं लागतं ते वेगळंच. जळजळ, ताप, लघवी न होणं, शौचावर ताबा नसणं किंवा अंग खाली उतरल्यासारखं वाटणं, यातलं काहीही असेल तर व्यायामावर विसंबू नका, डॉक्टरांकडे जा.

राहिली शिंक. ती येतेय असं वाटताक्षणी झोळी वर ओढून धरायची, शिंक होऊन जाईपर्यंत सोडायची नाही. मला हे पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मी खरंच दुसऱ्या शिंकेची वाट बघत बसले होते.